आधी ऊब, मग हँडल

जुन्या फार्मऑल ट्रॅक्टरला हँडल मारायचं तर पहिला नियम अंगठ्याचा. चार बोटं हँडलवर ज्या बाजूने येतात त्याच बाजूने अंगठाही ठेवायचा, मुठीचा विळखा घालायचा नाही. हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली कधीच दाबायचं नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर ओढणाऱ्याची बोटं आपोआप सुटतात आणि दाबणाऱ्याचं मनगट मोडतं. आपल्याकडे ज्यांनी विहिरीवरचं तेलइंजिन हँडल मारून चालू केलं आहे त्यांना हे सांगायला नको. पण अमेरिकेतल्या उत्तर डकोटात, मिनेसोटात किंवा कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात पारा उणे तीसवर उतरला, की हाच नियम पाळायची वेळसुद्धा येत नाही. हँडल हलतच नाही. दोन्ही हातांनी ओढलं तर पाव फेरा सरकतं आणि तिथेच थांबतं.

अशा दिवसांत ट्रॅक्टर चालू करायचाच कशाला, असं वाटेल. शेतं बर्फाखाली आहेत, पेरणी वसंतात आहे. पण गोठ्यातली आणि उघड्यावरची जनावरं खायची थांबत नाहीत. उलट थंडी जितकी कडक तितका त्यांना चारा जास्त लागतो, कारण अंगातली ऊब त्याच चाऱ्यातून येते. चार-पाचशे किलोचा गवताचा गोल गठ्ठा उचलून त्यांच्यापुढे टाकायचा, रस्त्यावरचा बर्फ लोटायचा, शेण बाहेर काढायचं, ही रोजची कामं आहेत. नव्या महागड्या ट्रॅक्टरचे तास या कामांत घालवायचे नाहीत म्हणून ती जुन्याकडे येतात. त्यामुळे ज्या यंत्राला थंडी सर्वांत कमी मानवते त्यालाच सर्वांत थंड सकाळी उठावं लागतं.

निफाडला पारा पाच अंशांखाली गेला की आपल्याकडे ठळक बातमी होते, आणि द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. उत्तर डकोटातल्या पार्शल या गावी १५ फेब्रुवारी १९३६ ला उणे ५१ अंश सेल्सिअसची नोंद झाली. तो विक्रमाचा दिवस होता हे खरं, पण त्या पट्ट्यात उणे तीसची सकाळ दर हिवाळ्यात येते. तिथल्या शेतकऱ्यांनी, कारागिरांनी आणि कारखान्यांनी गेल्या शंभर वर्षांत या एका प्रश्नावर जेवढे उपाय केले ते मांडून पाहिले तर त्यांचे दोनच गट पडतात. एक जोर लावण्याचा, दुसरा ऊब देण्याचा. माझं मत पहिल्यापासून सांगून टाकतो. जोराच्या उपायांनी काही तरी मोडलं, आणि उबेचे उपाय टिकले.

आधी थंडी इंजिनाला काय करते ते पाहू. पहिला फटका ऑइलला. जुन्या ट्रॅक्टरांत एकाच घट्टपणाचं जाड ऑइल घालायची रीत होती. उन्हाळ्यात ते पाण्यासारखं वाहतं, उणे पंचवीसला त्याची गार काकवी होते. बेअरिंगमध्ये, पिस्टनच्या भोवती, सगळीकडे तीच काकवी. गिअरबॉक्समधलं ऑइल त्याहून जाड. म्हणून तिथे क्लच दाबूनच सेल्फ मारतात. नाहीतर बॅटरीला इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही फिरवावी लागते. १९१७ पासून लाखांनी विकल्या गेलेल्या फोर्डसनमध्ये हीही सोय नव्हती. त्याच्या क्लचच्या चकत्या गिअरबॉक्सच्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असत. थंडीत त्या एकमेकींना चिकटून बसत आणि क्लच दाबूनही सुटत नसत. तेव्हा लोक मागचं एक चाक जॅकवर उचलून मोकळं करत, ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकत आणि मग हँडल मारत. म्हणजे चाकासकट सगळं यंत्र एका माणसाच्या दंडाने फिरवायचं.

दुसरा फटका बॅटरीला. शिशाची बॅटरी २७ अंशांना जेवढी ताकद देते त्याच्या साधारण ४० टक्केच उणे १८ अंशांना देते. त्याच तापमानाला इंजिन फिरवायला मात्र जवळजवळ अडीचपट जोर लागतो. घरात उत्पन्न निम्म्याहून खाली यावं आणि खर्च अडीचपट व्हावा, तशी ही गत. त्यात फार्मऑल एच आणि एम, फोर्डचे ९एन आणि ८एन यांसारख्या ट्रॅक्टरांची सगळी वायरिंग ६ व्होल्टची. व्होल्ट कमी म्हणून तेवढंच काम करायला करंट जास्त, आणि करंट जास्त म्हणून वायर जाड लागते. मूळच्या जाड वायरी खराब झाल्यावर कुणी तरी मोटारीच्या बारीक वायरी बसवतो, टर्मिनलवर पांढरी बुरशी चढते, अर्थिंगच्या जागी रंग आणि गंज असतो; आणि मग ‘सहा व्होल्टमध्ये दम नाही’ असा शिक्का बसतो. बरेच जण थेट १२ व्होल्टची बॅटरी आणि अल्टरनेटर बसवून मोकळे होतात. त्याने सेल्फ जोरात फिरतो हे खरंच आहे. पण सहा व्होल्टच्या सेल्फला बारा व्होल्टचा तडाखा दिला की त्याच्या दात्यांवर आणि फ्लायव्हीलच्या रिंगवर ताण येतो. मी आधी वायरी, टर्मिनल आणि अर्थिंग नीट करीन, बॅटरी रात्री घरात आणून ठेवीन, आणि एवढं करूनही भागलं नाही तरच व्होल्ट बदलीन. बॅटरी घरात ठेवायला आणखी एक कारण आहे. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी उणे पन्नासलाही गोठत नाही, पण पूर्ण उतरलेली उणे सातच्या आसपास गोठते आणि तिची पेटी फुटते.

तिसरा फटका इंधनाला, आणि इथे पेट्रोल आणि डिझेल यांच्या वाटा वेगळ्या होतात.

पेट्रोलचा द्रव जळत नाही, त्याची वाफ जळते. उन्हाळ्यात भरलेलं पेट्रोल टाकीत तसंच राहिलं असेल तर उणे तीसला त्याची वाफ धरत नाही. चोक ओढला की ओलं पेट्रोल सिलिंडरमध्ये जातं, प्लग भिजतात. त्याहून वाईट म्हणजे इंजिन दोन-चार वेळा फुसफुसून बंद पडणं. पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ तयार होते. इंजिन तेवढ्यात थांबलं तर ती वाफ गार प्लगच्या टोकावर बसून तिथल्या तिथे गोठते. प्लगच्या दोन टोकांमधली फट कागदाच्या काही घड्यांएवढी. तिच्यात बर्फाचा एक कण बसला की ठिणगी पडायची बंद होते. बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि माणूस हँडल मारून मारून दमतो. यावर जुन्या लोकांचा उपाय मला फार आवडतो. चारही प्लग पान्याने काढायचे, स्वयंपाकघरात नेऊन चुलीच्या ओव्हनमध्ये ठेवायचे, हाताला चटका बसेल इतके तापले की फडक्यात गुंडाळून पळत न्यायचे आणि आवळायचे. मग चोक ओढून पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचा ‘टक्’ आवाज येतो आणि इंजिन पकडतं. अख्ख्या इंजिनात गरम काय, तर चार बोटभर प्लग. तेवढ्याने भागतं.

पेट्रोल इंजिन थंडीत पुष्कळ सोसतं याचा मोठा दाखला एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी यांचा आहे. ४ जानेवारी १९५८ ला ते दक्षिण ध्रुवावर पोचले ते फर्ग्युसन टीई२० जातीच्या तीन साध्या शेती-ट्रॅक्टरांवर. चाकांभोवती पट्टे चढवलेले होते, पण इंजिन शेतातलंच, आणि पेट्रोलवर चालणारं.

डिझेलचं गणित कडक आहे. तिथे ठिणगी नाही. हवा दाबून इतकी तापवायची की डिझेल आपोआप पेटावं. हवा सोळापट दाबली असं धरून कागदावर हिशोब केला, तर ३० अंशांची हवा साधारण ६४० अंशांपर्यंत तापते. तीच हवा उणे तीसची असली तर ४६० च्या आसपासच पोचते. बाहेरचा फरक साठ अंशांचा, आतला एकशे ऐंशीचा! आणि हा कागदावरचा हिशोब. प्रत्यक्षात इंजिन मंद फिरतं, दाबलेली हवा झिजलेल्या रिंगांमधून निसटते आणि उरलेली उष्णता बर्फासारख्या गार भिंती पिऊन टाकतात. म्हणून झिजलेलं डिझेल इंजिन उन्हाळ्यात निमूट चालतं आणि पहिल्या कडक थंडीत त्याचं वय बाहेर पडतं. थंडीत चालू न होणं ही पुष्कळदा थंडीची तक्रार नसते, रिंगा आणि नोझल गेल्याची असते. ती इथरचा, म्हणजे चटकन पेटणाऱ्या द्रवाचा, फवारा मारून बरी होत नाही.

डिझेल ट्रॅक्टर बनवणाऱ्यांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यांनी शोधलेल्या वाटा पाहिल्या की थक्क व्हायला होतं. जर्मनीत मानहाइमच्या लांझ कारखान्याने १९२१ मध्ये फ्रिट्झ ह्युबर या अभियंत्याचा बुलडॉग बाजारात आणला. एकच आडवा सिलिंडर, आणि त्याच्या तोंडाशी लोखंडाचा एक पोकळ गोळा. सकाळी त्या गोळ्याखाली ब्लो-लँप लावायचा आणि गोळा चांगला तापेपर्यंत थांबायचं. नंतरच्या मॉडेलांत पुढची गंमत अशी, की स्टिअरिंगचं चाक दांड्यासकट उपसून काढायचं, बाजूच्या फ्लायव्हीलमध्ये खोचायचं आणि त्याने फ्लायव्हील पुढे-मागे झोकायचं. एकदा धडका सुरू झाल्या की गोळा आपल्याच उष्णतेने तापलेला राहतो. इंधन कसलंही चालतं, थंडीची तक्रार नाही. फक्त घाई करायची नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडमध्ये याच घडणीचा उर्सुस सी-४५ निघाला.

इंग्लंडच्या गेन्सबरो गावच्या मार्शल कंपनीचा फील्ड मार्शल १९४५ चा. त्याच्या डोक्यात सोरा लावलेला कागद शिलगावून खोचायचा, आणि हँडल मारायला माणूस नसेल तर बंदुकीच्यासारखं बिनगोळीचं काडतूस बसवून त्यावर हातोडी मारायची. स्फोटाच्या दाबाने सहा लिटरचा तो एकुलता पिस्टन ढकलला जायचा. काडतूस हा जोर आणि धुमसता कागद ही ऊब. कागद नसता तर काडतुसाचा उपयोग किती झाला असता, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

अमेरिकेत फार्मऑल बनवणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९३५ मध्ये डब्ल्यूडी-४० काढला. तो पेट्रोलवर, प्लगच्या ठिणगीने, कमी दाबाने चालू व्हायचा आणि थोडा तापला की डिझेलवर जायचा. एकाच इंजिनात दोन इंजिनं बसवल्यासारखं हे काम. सिलिंडर हेड गुंतागुंतीचं आणि चिरा जाण्यासाठी बदनाम. मला या सगळ्यांत सर्वांत शहाणी वाटते ती कॅटरपिलरची वाट, म्हणजे मोठ्या डिझेलच्या अंगावर बसवलेलं छोटं पेट्रोल इंजिन. छोटं इंजिन दोरीने किंवा हँडलने सहज चालू होतं. त्याचं पाणी मोठ्या इंजिनात फिरतं, त्याचा गरम धूर मोठ्या इंजिनाच्या हवेच्या नळीला तापवतो, आणि ते मोठ्याला हळूहळू फिरवत राहतं. डिझेल बंद ठेवून काही मिनिटं नुसतं फिरवलं की ऑइल सगळीकडे पोचतं, भिंती कोमट होतात. मग डिझेल सोडलं की इंजिन विनातक्रार पेटतं. बॅटरीची गरजच नाही. जॉन डीअरनेही १९४९ च्या मॉडेल आर या आपल्या पहिल्या डिझेल ट्रॅक्टरला असंच छोटं इंजिन दिलं. सोव्हिएत संघात त्याच साली सुरू झालेल्या डीटी-५४ या पट्ट्यांच्या ट्रॅक्टरला एक सिलिंडरचं दहा अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन होतं. सायबेरिया आणि कझाकस्तानच्या गवताळ पठारांवर असल्या छोट्या इंजिनांच्या भरवशावर शेती झाली. पुढे बॅटऱ्या आणि सेल्फ सुधारले आणि ही छोटी इंजिनं गेली. एका ट्रॅक्टरला दोन इंजिनांची निगा कोण राखणार, हा हिशोब बरोबरच होता. पण कडक थंडीत त्यांच्याइतकं भरवशाचं त्या काळी दुसरं काही नव्हतं.

हे कारखान्यांचं झालं. शेतकरी काय करत? गोठणविरोधी द्रव येण्याआधी रोज संध्याकाळी इंजिन बंद केलं की रेडिएटरचं आणि ब्लॉकचं पाणी नळ सोडून काढून टाकत. एका रात्री विसर पडला तर पाणी गोठून फुगायचं आणि बिडाचा ब्लॉक उभा चिरायचा. सकाळी चुलीवर पाणी उकळून तेच रेडिएटरमध्ये ओतायचं. काही जण ऑइलही काढून डब्यात भरत आणि रात्रभर घरात शेगडीजवळ ठेवत. गरम पाणी, गरम ऑइल आणि गरम प्लग, एवढं असलं की उणे तीसलाही हँडल माणसाच्या हाताने फिरतं. १९२७ मध्ये प्रेस्टोन या नावाने ग्लायकॉल बाजारात आलं, आणि निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी घातलं की उणे ३७ पर्यंत गोठण्याची भीती राहिली नाही. रोजचा नळ सोडायचा त्रास वाचला. पण त्याबरोबर सकाळचं उकळतं पाणीही गेलं, आणि इंजिन थंडच राहिलं.

काहींनी इंजिनाखाली निखाऱ्यांचं घमेलं ठेवलं. ऑइल आणि पेट्रोल गळणाऱ्या जुन्या यंत्राखाली विस्तव ठेवल्याने गवताने भरलेले किती गोठे जळाले असतील याची कल्पना करवत नाही. बंद शेडमध्ये निखारे किंवा चालू इंजिन असलं तर विषारी वायूची भीती वेगळीच. विस्तव ठेवण्याची ही रीत कुणी शिकवली तरी शिकू नये.

खरं उत्तर वायरीतून आलं. १९३० च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेतल्या दहांपैकी नऊ शेतघरांत वीज नव्हती. १९३५ नंतर सरकारी कर्जाच्या आधारावर शेतकऱ्यांच्या वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या आणि खांब वस्तीवस्तीवर पोचले. त्यातल्याच उत्तर डकोटातल्या ग्रँड फोर्क्सच्या एका सहकारी संस्थेचे व्यवस्थापक अँड्र्यू फ्रीमन यांनी इंजिनाच्या हेडचा एक बोल्ट काढून त्याच्या जागी पोकळ बोल्ट बसवला आणि त्यात विजेची तापणारी तार घातली. १९४९ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. सहकारी संस्थेच्या माणसाने सभासदांच्या अडचणीवर काढलेला हा तोडगा, सहकार जाणणाऱ्या महाराष्ट्राने मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. आज त्याची अनेक रूपं आहेत. ब्लॉकच्या बुचाच्या जागी बसणारा हीटर, रेडिएटरच्या खालच्या नळीतला, पाणी फिरवणारा टाकीवजा, ऑइलच्या तळाशी चिकटवायची गादी. कॅनडात एडमंटन-विनिपेगकडे राहणाऱ्या मराठी घरांत मोटारीच्या नाकाशी लोंबणारी वायर आणि पिन आता नवलाची राहिलेली नाही. ती याच घराण्यातली.

जुन्या ट्रॅक्टरवर एकच गोष्ट करायची असेल तर ती ही करावी. रात्रभर लावून ठेवायचीही गरज नसते. टायमर लावून चालू करण्याआधी दोन-चार तास पुरतात. बोनेटवर जाड ताडपत्री किंवा जुनी गोधडी टाकली तर ऊब टिकते. ब्लॉक कोमट असला की ऑइल हलतं, सेल्फला कमी जोर लागतो, डिझेलच्या हवेला गरम भिंत मिळते. तिन्ही फटक्यांवर एकच इलाज.

याउलट इथरचा फवारा. इथर १६० अंशांच्या आसपास आपोआप पेटतं, म्हणून गारठलेल्या डिझेललाही ते जागं करतं. पण ते पिस्टन वर पोचण्याआधीच पेटतं आणि चढत्या पिस्टनला वरून घणाचा घाव बसतो. रिंगांच्या खाचा फुटतात, कॉम्प्रेशन उतरतं, पुढच्या वेळी जास्त इथर लागतं. इंजिनाला त्याची सवय लागते असं जुने मेकॅनिक म्हणतात ते याच अर्थाने. आणि ज्या इंजिनात ग्लो प्लग किंवा हवेच्या नळीत डिझेल जाळणारा थर्मोस्टार्ट आहे तिथे इथर मारणं म्हणजे पेटत्या चुलीत पेट्रोल ओतणं. दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढायचं तर बर्फावर मागची चाकं फिरतच नाहीत, नुसती घसरतात, आणि फिरली तर ऑइल न पोचलेली बेअरिंगं कोरडी घासतात.

डिझेलचं गोठणं हे वेगळं दुखणं आहे. डिझेलमध्ये मेण असतं. थंडीत त्याचे कण होतात आणि फिल्टर बुजतो. इंजिन चालू होऊन दहा मिनिटांनी बंद पडतं. उन्हाळी डिझेल काढून हिवाळी डिझेल भरणं हाच उपाय. आपल्या देशात हे लडाखने भोगलं आहे. तिथल्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं. पाण्याचा थेंब मात्र याहून लहान गोष्ट आणि जास्त घातकी. ऑइलच्या तळाशी साठलेलं पाणी गोठलं तर ऑइलपंपाची दांडी तुटते. चालू करण्याआधी ऑइलचं खालचं बूच जरा सैल करावं. काहीच गळलं नाही तर तिथे बर्फ आहे, आणि हँडलला हात लावू नये.

चालू झाल्यावर रेस द्यायची नाही. ऑइलच्या काट्यावर डोळा ठेवायचा, इंजिन तापू द्यायचं, मग काम. आणि पाच मिनिटं फिरवून बंद करायचं असेल तर त्या दिवशी चालूच करू नये, कारण तेवढ्यात इंजिन तापत नाही, फक्त आत पाणी जमतं.

आपल्याकडच्या माणसाने यातलं काय घ्यावं? महिंद्राने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर कंपनी काढून जो बी-२७५ महाराष्ट्राच्या शेतांत आणला तो फार्मऑलच्याच घराण्यातला. अजून कुणाच्या शेडमध्ये तो उभा असेल आणि डिसेंबरात कुरकुरत असेल, तर इथर आणि धक्का दोन्ही सोडा. टर्मिनल घासा, अर्थिंग तपासा, हिवाळ्याला चालणारं ऑइल भरा, इंजिनाला हीटर प्लग असतील तर तापतात का ते पाहा, आणि सेल्फ मारण्याआधी रेडिएटरमधलं गार पाणी काढून बादलीभर कडकडीत पाणी ओता. निफाडच्या थंडीला एवढं पुरतं.